दोन अक्षरांचा निरोप

(आज जगभरातील संगणक आणि फोन एकमेकांना जोडलेले आहेत. हे जाळे कोणत्या साधनांनी उभे राहते, ते चालवतो कोण आणि निरनिराळ्या बनावटीची यंत्रे एकमेकांचे म्हणणे कसे समजून घेतात, याची माहिती या पाठात सोप्या भाषेत दिली आहे.)

मुलांनो, समजा ईदचा दिवस आहे. नवे कपडे घालून घरातील सर्वजण अंगणात उभे आहेत. फोटो काढला जातो आणि तुम्ही तो जेद्दाहला नोकरी करणाऱ्या चाचांना पाठवता. काही सेकंदांतच त्यांचे उत्तर येते, "ईद मुबारक! पण भाभी कुठे आहेत? फोटोत दिसत नाहीत." तुम्ही हसता. भाभी म्हणजे तुमच्या अम्मी. फोटो त्यांनीच काढलेला असतो!

आता थोडा विचार करा. तुमच्या गावात आणि जेद्दाहमध्ये एवढा मोठा समुद्र आहे. तुमचा फोन एका कंपनीचा, चाचांचा फोन दुसऱ्या कंपनीचा. या दोन यंत्रांची कधी भेट झालेली नाही. तरीही एकाने जे पाठवले, ते दुसऱ्याला बरोबर कळले. हे कसे घडले?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी लांब जायला नको. शाळेच्या संगणक कक्षातच जाऊ या.

कक्षात दहा संगणक आहेत आणि प्रिंटर मात्र एकच आहे, अशी कल्पना करा. पूर्वी एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर न्यायचा झाला, तर त्याची नक्कल फ्लॉपीवर करून घेत आणि ती फ्लॉपी हातात धरून दुसऱ्या संगणकापाशी जात. प्रिंटर ज्या संगणकाला जोडलेला असे, त्याच्यासमोर मुलांची रांग लागे. ही धावपळ थांबावी म्हणून संगणक एकमेकांना जोडण्याची युक्ती निघाली. जोडलेल्या संगणकांच्या समूहाला संगणकांचे जाळे किंवा नेटवर्क म्हणतात. एका खोलीतील किंवा एका इमारतीतील जाळे हे स्थानिक जाळे होय.

हे जाळे जोडायला काय काय लागते? पहिली वस्तू म्हणजे नेटवर्क कार्ड. ते संगणकाच्या आत असते. संगणकातील माहिती तारेवरून जाऊ शकेल अशा विजेच्या संकेतांत बदलणे आणि आलेले संकेत पुन्हा माहितीत बदलणे, हे त्याचे काम. प्रत्येक कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो. त्यावरून जाळ्यात त्याची ओळख पटते.

दुसरी वस्तू म्हणजे केबल. संगणकाच्या मागे लावलेली निळी किंवा करड्या रंगाची केबल तुम्ही पाहिली असेल. तिच्या आत आठ बारीक तारा असतात. त्या सरळ नसतात. दोन-दोन तारांना एकमेकींभोवती पीळ घालून चार जोड्या केलेल्या असतात. असा पीळ घातला, की शेजारच्या विजेच्या तारांचा उपद्रव कमी होतो आणि संकेत स्वच्छ राहतो. अशा केबलची लांबी साधारणपणे १०० मीटरच्या आत ठेवतात. त्याहून लांब गेल्यास संकेत क्षीण होतो. वायफाय असेल तर तारेऐवजी रेडिओ लहरी वापरतात.

तिसरी वस्तू म्हणजे स्विच. घरातील दिव्याच्या बटणालाही आपण स्विच म्हणतो, पण हा स्विच वेगळा. ही एक चपटी पेटी असते आणि तिला ओळीने खाचा असतात. प्रत्येक संगणकाची केबल एकेका खाचेत बसवतात. कोणत्या खाचेला कोणत्या क्रमांकाचे कार्ड जोडलेले आहे, हे स्विच लक्षात ठेवतो आणि आलेली माहिती नेमक्या त्याच खाचेतून बाहेर सोडतो. खाचेजवळचा छोटा दिवा लुकलुकत असेल, तर तेथून माहितीची ये-जा चालू आहे असे समजावे. एखादा संगणक जाळ्यात दिसेनासा झाला, तर जाणकार माणूस आधी हा दिवा पाहतो. पुष्कळदा केबल फक्त सैल झालेली असते!

चौथी वस्तू म्हणजे राउटर. एक जाळे दुसऱ्या जाळ्याला जोडण्याचे काम तो करतो. स्विच मोहल्ल्यातल्या मोहल्ल्यात टपाल वाटतो. मोहल्ल्याबाहेरचे टपाल राउटर पुढच्या वाटेला लावतो.

आता सगळे सामान जोडले. दिवेही लागले. मग फोटो जाईल का? नाही जाणार. शरीर तयार झाले, पण त्याला चालवणारी बुद्धी हवी. ही बुद्धी म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही तिची काही नावे तुमच्या कानावर आली असतील. संगणक सुरू होताच ती कामाला लागते. कळफलक, पडदा, प्रिंटर, नेटवर्क कार्ड या सर्वांवर तिची देखरेख असते. ज्या संगणकावर सर्वांच्या फायली ठेवलेल्या असतात, त्याला सर्व्हर म्हणतात. त्याची कार्यप्रणाली एखाद्या दक्ष पहारेकऱ्यासारखी असते. प्रत्येकाचे नाव आणि परवलीचा शब्द तपासूनच ती आत सोडते. म्हणून आपला परवलीचा शब्द मित्रालाही सांगू नये.

तुम्ही फोटो पाठवता, तेव्हा कार्यप्रणाली काय करते ते पाहा. ती अख्खा फोटो एकदम पाठवत नाही. ती त्याचे लहान लहान तुकडे करते. अशा प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण त्याला पाकीट म्हणू या. स्थानिक जाळ्यावर एका पाकिटात साधारणपणे १५०० बाइटपर्यंत माहिती मावते. बाइट हे माहितीचे माप आहे. तुमचा फोटो तीन लाख बाइटचा असेल, तर त्याची दोनशेहून अधिक पाकिटे होतात. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि तुकड्याचा क्रमांक लिहिलेला असतो.

हे पत्ते आकड्यांचे असतात. उदाहरणार्थ, शाळेतील एखाद्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५ असा असू शकतो. चार भागांच्या या पद्धतीने सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. एवढे पत्ते कधी संपणार नाहीत असे पूर्वी वाटले होते. पण २०११ साली वाटपासाठी शिल्लक असलेले पत्त्यांचे शेवटचे मोठे गट देऊन झाले. आता त्याहून खूप लांब पत्त्यांची नवी पद्धतही वापरात आली आहे.

पाकिटे निघाली, की ती सर्व एकाच वाटेने जातील असे नाही. एखादे मागे राहते, एखादे वाटेत हरवते. पलीकडची कार्यप्रणाली क्रमांक पाहून पाकिटे ओळीने लावते आणि मिळालेल्या पाकिटांची पोच परत पाठवते. एखाद्या पाकिटाची पोच आली नाही, तर पाठवणारी कार्यप्रणाली तेवढेच पाकीट पुन्हा पाठवते. त्यामुळे फोटो अर्धामुर्धा पोचत नाही, पूर्ण पोचतो.

पण मुलांनो, खरा प्रश्न अजून बाकीच आहे. दोन्हीकडच्या कार्यप्रणाली वेगवेगळ्या असतील, तर एकीचे म्हणणे दुसरीला कसे कळावे? हा प्रश्न सुटला नसता, तर प्रत्येक कंपनीची यंत्रे फक्त आपापसांतच बोलत राहिली असती. तो कसा सुटला, हे समजण्यासाठी आपल्याला १९६९ सालात जावे लागेल.

त्या काळी एकेक संगणक खोलीभर मोठा असे. अमेरिकेत काही विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांचे संगणक जोडण्याचे काम चालू होते. या जाळ्याचे नाव आर्पानेट. अडचण अशी होती, की या संगणकांच्या कार्यप्रणाली निरनिराळ्या होत्या. सर्वांनी एकच संगणक घ्यावा, असे म्हणणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक ठिकाणी मोठ्या संगणकाशेजारी एक मध्यस्थ यंत्र बसवले. ते साधारण एका मोठ्या फ्रीजएवढे होते. पाकिटे घेणे आणि पुढे पाठवणे, हे त्याचे काम. आजच्या राउटरचा तो पूर्वजच होय.

यंत्रे बसली, पण संगणकांनी एकमेकांशी बोलावे कसे, याचे नियम कोणी ठरवायचे? हे काम बहुतांशी तरुण विद्यार्थ्यांवर आले. स्टीव्ह क्रॉकर हा त्यांपैकी एक. एप्रिल १९६९ मध्ये त्याने पहिले टिपण लिहिले. त्याच्यावर त्याने 'नियम' किंवा 'हुकूम' असा शब्द लिहिला नाही. 'मते कळवावीत ही विनंती', अशा अर्थाचे नाव त्याने दिले. ही प्रथा पुढे चालू राहिली. आज अशा टिपणांची संख्या नऊ हजारांच्या वर गेली आहे आणि इंटरनेटचे नियम त्याच नावाने प्रसिद्ध होतात.

मग २९ ऑक्टोबर १९६९ ही तारीख उजाडली. रात्रीचे साडेदहा वाजले होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी संगणकासमोर बसला होता. सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बिल डुवाल दुसऱ्या संगणकापाशी होता. दोघे टेलिफोनवरून एकमेकांशी बोलत होते. क्लाइनला 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. लॉगिन म्हणजे संगणकात प्रवेश मागणे. त्याने 'एल' हे अक्षर दाबले. पलीकडून आवाज आला, मिळाले. त्याने 'ओ' दाबले. तेही मिळाले. मग त्याने 'जी' दाबले आणि पलीकडचा संगणक बंद पडला!

अशा रीतीने जाळ्यावरून गेलेला पहिला निरोप फक्त दोन अक्षरांचा ठरला. पण कोणी निराश झाले नाही. चूक शोधून दुरुस्त केली गेली आणि सुमारे एका तासाने पूर्ण शब्द पोचला. त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी दोन संस्था जोडल्या गेल्या आणि चार ठिकाणांचे जाळे तयार झाले.

संगणकांनी एकमेकांशी बोलताना पाळायच्या अशा नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. पुढे जगात अनेक जाळी निर्माण झाली. ती सर्व एकमेकांना जोडता यावीत म्हणून व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ साली एक नवी नियमपद्धती मांडली. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने ती पूर्णपणे स्वीकारली. पाकिटांचे क्रमांक, पत्ते आणि पोच यांविषयी आपण वर जे वाचले, ते सारे याच नियमांत येते. तुमच्या फोनची कार्यप्रणाली कोणतीही असो, हे नियम तिला येतात. चाचांच्या फोनलाही येतात. म्हणून दोघांचे जमते.

आपल्या देशात १९८६ साली अर्नेट या नावाने शिक्षण आणि संशोधन यांसाठी जाळे उभारण्यास सुरुवात झाली. मुंबईची भारतीय प्रौद्योगिकी संस्था, म्हणजे आयआयटी, या कामात सहभागी होती. १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्य लोकांसाठीही इंटरनेट खुले झाले.

आता आपल्या फोटोकडे परत येऊ. तो आकाशातून, उपग्रहावरून जातो, असे पुष्कळांना वाटते. खरे तर देशादेशांमधील बहुतेक माहिती समुद्राच्या तळावरून जाते! मुंबईच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली येऊन पोचतात. खोल समुद्रातील केबल बागेला पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. तिच्यात केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात आणि त्यांतून प्रकाशाच्या रूपाने माहिती धावते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मग समुद्र ओलांडायला वेळ तो किती लागणार!

ही केबल तुटली तर? असे घडलेही आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्रातील दोन मोठ्या केबली तुटल्या. इजिप्त, आखाती देश आणि भारत येथील इंटरनेटवर मोठा परिणाम झाला. कचेऱ्यांची कामे खोळंबली. परदेशातील आप्तांशी बोलणे अवघड झाले. पण जाळे पूर्ण बंद पडले नाही. भारतातील पुष्कळ पाकिटे पश्चिमेऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिक महासागराच्या लांबच्या वाटेने पाठवण्यात आली. ती उशिरा पोचली, पण पोचली. दुरुस्तीच्या जहाजांनी तुटलेली टोके सांधेपर्यंत काही दिवस असेच काम चालले. एक वाट बंद झाली, तरी दुसरी वाट असावी, ही जाळ्याची मोठी ताकद आहे.

शेवटी तुमच्या-आमच्या भाषांची गोष्ट. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. पूर्वी वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळे क्रमांक देत. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, की अर्थहीन चिन्हे दिसत. १९९१ साली युनिकोड नावाच्या पद्धतीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात जगातील लिप्यांच्या अक्षरांना कायमचे क्रमांक ठरवून दिले आहेत. मराठीतील 'म' या अक्षराचा क्रमांक २३५० आहे आणि उर्दूतील 'मीम'चा १६०५. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, मराठी डावीकडून उजवीकडे. जाळ्याला त्याची अडचण वाटत नाही. ते दोन्ही भाषांचे क्रमांक सारख्याच काळजीने वाहून नेते. पोचल्यावर ते कोणत्या बाजूने मांडायचे, हे पलीकडचा संगणक पाहतो.

मुलांनो, हे जाळे जोडताना कोणालाही आपले यंत्र टाकून द्यावे लागले नाही. कोणालाही आपली लिपी सोडावी लागली नाही. प्रत्येकाने आपापले वेगळेपण ठेवले आणि बोलण्याचे काही नियम मात्र मिळून ठरवले. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि येथे मराठी शिकता, तेव्हा तुम्हीही असेच एक जाळे विणत असता. सुरुवातीला शब्द अडेल, वाक्य अर्धवट राहील. म्हणून थांबू नका. जगातील सर्वांत मोठ्या जाळ्याचा पहिला शब्दही दोन अक्षरांवरच अडला होता!

शब्दार्थ

निरोप – पाठवलेला संदेश
उपद्रव – त्रास
क्षीण – अशक्त, कमी जोराचा
परवलीचा शब्द – ओळख पटवण्यासाठीचा गुप्त शब्द
पोच – वस्तू मिळाल्याची खूण
मध्यस्थ – दोघांमधील दुवा
टिपण – थोडक्यात लिहिलेली माहिती
खोळंबणे – अडून राहणे
आप्त – नातेवाईक
सांधणे – जोडणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फोटोत अम्मी का दिसत नव्हत्या?
(आ) केबलमधील तारांना पीळ का घालतात?
(इ) प्रोटोकॉल म्हणजे काय?
(ई) आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट कधी खुले झाले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) एखादे पाकीट वाटेत हरवले, तर काय होते?
(आ) २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री काय घडले?
(इ) २००८ साली केबली तुटूनही जाळे पूर्ण बंद का पडले नाही?

प्र. ३. कोण कोणते काम करतो, ते लिहा.
(अ) नेटवर्क कार्ड (आ) स्विच (इ) राउटर (ई) कार्यप्रणाली

प्र. ४. कारण लिहा.
स्टीव्ह क्रॉकरने आपल्या टिपणाला 'हुकूम' असे नाव दिले असते, तर इतरांना काय वाटले असते? तुमचे मत चार ओळींत लिहा.

प्र. ५. भाषेची गंमत.
मजकूर, नक्कल, दुरुस्त, तारीख, फक्त, हजार, कारखाना हे शब्द या पाठात आले आहेत. ते उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्दाचा उर्दूत आणि मराठीत एकेक वाक्यात उपयोग करा. अर्थ कोठे सारखा आहे आणि कोठे बदलला आहे, ते पाहा.

प्र. ६. वचन बदला.
तार, पाकीट, पत्ता, वाट, जाळे

उपक्रम : वर्गातील पाच मुलांनी एक कविता किंवा पत्र घ्यावे. त्याचे दहा तुकडे करून प्रत्येकावर क्रमांक व पत्ता लिहावा. निरनिराळ्या मुलांच्या हाती ते दुसऱ्या वर्गात पाठवावेत. एक तुकडा मुद्दाम मागे ठेवावा. पलीकडच्या मुलांनी मजकूर जुळवावा आणि कोणता तुकडा हरवला, ते पोच पाठवून कळवावे.